डावरी रायफल आणि तिसरा तुकडा

हरणाच्या शिकारीसाठी बेताच्या पैशात नेमकी रायफल कशी निवडावी, हे आमच्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये मला जेवढं कळतं तेवढं कुणालाही कळत नाही! नळी लाकडी दस्त्याला कुठे टेकते आणि कुठे टेकू नये, चाप किती हलका हवा, दुर्बिणीवर किती खर्च करावा, काहीही विचारा. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आता फक्त बटाटे सोलत असताना विचारू नका. बोट कापतं.

हे ज्ञान मी हौसेने मिळवलं नाही, भीतीने मिळवलं.

माझ्या सासरच्या टोर्गर्सन मंडळींची जंगलात एक लाकडी खोपी आहे. नोव्हेंबरातल्या एका ठरलेल्या शनिवारी हंगाम सुरू होतो आणि घरातले सगळे पुरुष आदल्या दिवशी तिथे जमतात. खोपीचा नियम असा, की ज्याचा हरणावरचा नेम चुकेल त्याच्या अंगातल्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि तो भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. इथवर गंमत आहे. पण तिसरा तुकडा भिंतीवर गेला की त्या माणसाने रायफल ठेवायची आणि ॲप्रन बांधायचा. कायमचा! सुटका एकच, दुसऱ्या कुणाचा तिसरा तुकडा भिंतीवर गेला तरच.

व्हर्नकाकांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा, तिसरा तुकडा माझ्या जन्माआधी ठोकलेला आहे. तेव्हापासून ते चुलीजवळच्या स्टुलावर बसून बटाटे सोलतात. बाहेर गोळ्यांचे आवाज होतात, आत साली पडतात.

भिंतीवर माझ्या नावाचे दोन तुकडे होते. गेल्या वर्षी दुसरा ठोकला गेला तेव्हा व्हर्नकाका हळूच माझ्यामागे आले आणि त्यांनी माझ्या कमरेभोवती ॲप्रनची नाडी धरून पाहिली.

"बसेल," ते म्हणाले.

त्या एका शब्दाने माझी वर्षभराची झोप उडाली!

म्हणून मी ठरवलं, की उसनी रायफल बास. स्वतःची घ्यायची, आणि अशी की नेम चुकणं तिच्या स्वभावातच नसेल. माझ्या बायकोची, क्रिस्टाची, अट एकच होती. "आपल्या कपडे धुवायच्या मशीनपेक्षा महाग आणलीस, तर ती मशीनमध्येच घालीन."

गावात रोलंडचं दुकान आहे. खिळे, गळाचे किडे आणि बंदुका एकाच छपराखाली. मी तिथे इतक्या वेळा गेलो, की त्याचा कुत्रा माझ्यावर भुंकायचा थांबला. शेवटी रोलंडने कोपऱ्यातून एक रायफल काढली.

"या पैशात याहून नेमकी सापडली, तर माझं नाव बदल."

"मग एवढी स्वस्त कशी?"

"डावरी आहे. गोळी भरायला ओढायचा बोल्ट डाव्या बाजूला. दोन वर्षं पडून आहे, कुणी हात लावत नाही."

"त्यात काय!" मी म्हणालो. "हाताला सवय लावायची!"

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

वाचलेल्या पैशात चांगली दुर्बीण आली. नेमबाजीच्या मैदानावर जाऊन सराव केला. शंभर यार्डांवर तीन गोळ्या कॉफीच्या कपाच्या झाकणाएवढ्या जागेत बसल्या! परत तीन, परत तिथेच. डाव्या हाताने बोल्ट मागेपुढे करायला मी इतका सरावलो, की घरात दारंसुद्धा डाव्या हाताने उघडायला लागलो. वर्षात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. स्वप्नात व्हर्नकाका ॲप्रन घेऊन माझ्यामागे धावत होते आणि धापा टाकत होते.

शुक्रवारी दुपारी मी खोपीवर पोहोचलो. दार उघडलं आणि समोर केक! त्यावर सत्तरचा आकडा.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, हॅल्वर टोर्गर्सन यांचा सत्तरावा वाढदिवस! क्रिस्टाने चारदा बजावलं होतं. "बाबांसाठी काय घेतलंस?" असं तिने विचारलं, की मी "घेतो, घेतो" म्हणत नळी पुसत बसायचो.

आता हे बाबा कसे आहेत ते सांगतो. उंची दाराएवढी. बोलणं वर्षाला पंधरावीस शब्द, त्यातले निम्मे कुत्र्याशी. पंजा असा, की हस्तांदोलन केलं की आपली बोटं परत मोजून घ्यावीत. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांनी घसा खाकरला की मी उठून उभा राहतो.

"दाजी, आलात! काय आणलंत बाबांसाठी?" मेव्हणा लाइल ओरडला. "मी मोजे आणलेत. बघू तुमचं!"

आणि त्याने माझ्या हातातली लांब पेटी घेऊन टेबलावर केकच्या शेजारी उघडली!

"अरे, ती..." मी म्हणालो.

बाबांनी रायफल उचलली, मोकळी असल्याची खात्री केली आणि खांद्याला लावली. डाव्या खांद्याला. मग त्यांचा डावा हात सवयीने रायफलीवरून पलीकडे गेला, तिथे त्याला काहीच सापडलं नाही, आणि तो परत अलीकडे आला. बोल्ट तिथे होता.

चुलीजवळचं सोलणं थांबलं.

बाबा डावरे आहेत हे मला माहीत नव्हतं का? होतं! बारा वर्षं जेवताना त्यांचा कोपर माझ्या बरगडीत बसतोय! पण भ्यायलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि माझ्या डोक्यात ॲप्रन होता.

"डावरी," बाबा म्हणाले. "शाळेत मास्तरीण हात बाकाला बांधायची. वडील म्हणायचे, बंदुका काय तुझ्यासाठी वेगळ्या बनवणार? पन्नास वर्षं वरून हात टाकून बोल्ट ओढला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाच्या लक्षात आलं नाही रे. तुझ्या आलं."

आणि हॅल्वर टोर्गर्सन रडले! आधी लाइल घाबरला. त्याने बापाला रडताना कधी पाहिलंच नव्हतं. मग मी घाबरलो, कारण त्यांनी मला मिठी मारली आणि माझे पाय जमिनीवरून उचलले गेले.

हीच वेळ होती! "बाबा, गैरसमज होतोय," एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून "हॅपी बर्थडे" बाहेर पडलं.

तेवढ्यात लाइलने घरी फोन लावलाही होता. पलीकडे सासूबाई हुंदके देत होत्या. मग क्रिस्टा फोनवर आली. "वेंडेल! महिनाभर तुला स्वार्थी म्हणत होते रे मी! आणि तू गुपचूप बाबांसाठी... मशीनचं बोलले ते विसर हं!"

आता खरं सांगितलं असतं, तर तिघांचे अश्रू परत करावे लागले असते. मी तोंडात केक कोंबला.

"पण मग दाजी काय वापरणार?" लाइलने विचारलं.

बाबांनी भिंतीवरून स्वतःची जुनी रायफल काढली. त्यांच्या वडिलांनी युद्धातून आणलेली. वजन बैलगाडीच्या जुवाएवढं, दुर्बीण नाही, आणि झाडली की खांद्यावर म्हैस लाथ मारते. ती त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली.

"माझी घे. उजवीकडे मारते. थोडं डावीकडे धर."

"थोडं म्हणजे किती, बाबा?"

त्यांनी एक डोळा मिटून हवेत नेम धरला.

"थोडं," ते म्हणाले.

चुलीजवळ व्हर्नकाका गुणगुणायला लागले.

सकाळी मी मचाणावर बसलो होतो. फांदी मोडली की मी टोपी डोळ्यांवर ओढायचो. हरीण येईल ही भीती! जगात असा शिकारी झाला नसेल, जो डोळे मिटून म्हणतो, येऊ नकोस रे, आज तरी येऊ नकोस!

आलं. मोठा नर, डोक्यावर शिंगांचं झुडूप. फोटो काढायला आल्यासारखा आडवा उभा राहिला. पहिल्यांदा रायफल धरणाऱ्यालाही तो टिपता आला असता. मी नळीच्या टोकावरची नेमाची माशी डोळ्यासमोर आणली, "थोडं डावीकडे" धरलं, मग वाटलं फार थोडं झालं, म्हणून अजून थोडं धरलं, आणि चाप ओढला.

म्हशीने लाथ मारली. डावीकडच्या बर्चच्या झाडाची साल उडाली. नर माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, झुडपाआड गेला.

क्षणभराने त्याच दिशेला एकच आवाज झाला. कोरडा, नेमका. तो मी ओळखला. मैदानावर आठवडाभर ऐकला होता!

मी पोहोचलो तेव्हा बाबा नराशेजारी गुडघ्यावर बसून रायफलीवरून हात फिरवत होते.

"काय रायफल आहे!" ते म्हणाले. "जिथे बघितलं, तिथे लागली. तुझी गोळी?"

"झाडाला," मी म्हणालो.

खोपीत सगळे जमले. बाबांनी खिशातला चाकू काढून उघडला. लाइललासुद्धा माझी दया आली.

"बाबा, जाऊ द्या ना या वेळी. एवढी मोठी भेट दिली माणसाने!"

माझ्या मनात आशेचा दिवा लागला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे परत भरून आले होते.

"सवलत? याला?" ते म्हणाले. "इतक्या मोठ्या मनाच्या माणसाचा असा अपमान मी माझ्या खोपीत होऊ देणार नाही."

आणि त्यांनी माझा शर्ट पाठीवरून कापला. अतिशय प्रेमाने. तुकडा सगळ्यांच्या वर ठोकला, नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

व्हर्नकाका उठले. त्यांनी ॲप्रन उतरवला, माझ्या गळ्यात घातला, नाडी बांधली. मग भिंतीवरून एक रायफल घेतली आणि पोरासारख्या उड्या मारत बाहेर गेले. जाताना माझ्या हातात सोलणी ठेवली.

मी स्टुलावर बसलो आणि पहिला बटाटा घेतला. सोलणी चालेना. उलटी धरली, सुलटी धरली, साल निघेना, अंगठ्याचं कातडं मात्र निघालं.

"व्हर्नकाका!" मी दारातून ओरडलो. "हिला धारच नाही!"

"आहे रे!" बर्फातून आवाज आला. "आम्ही दोघेही भाऊ डावरे! सोलणी डावरी आहे! त्यात काय, हाताला सवय लाव!"