साडेआठचा भोंगा

"मामा, आता तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलंत तरी चालंल!" रेश्मानं सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

तिचा तोरा उगाच नव्हता. कराडजवळच्या त्यांच्या गावात रोज संध्याकाळी सातला शाळेवरचा भोंगा वाजतो. वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला! साडेआठला दुसरा भोंगा, की सगळं पुन्हा सुरू. भोंगा वाजवणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर शाळेत रेश्मानंच बसवलेला. त्यातल्या घड्याळाच्या चिपशी बोलणारा, जगभरची माणसं मिळून लिहितात त्या लिनक्स प्रणालीतला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम मात्र पार म्हातारा झालेला. मग दुपारी साक्षी झोपली की एका हातानं लेकीला थोपटत, दुसऱ्या हातानं टाइप करत रेश्माबाईंनी तो नव्यानं लिहून काढला. लिनक्सचा तो भाग सांभाळणारा परदेशातला मेंटेनर नवे बदल आज रात्रीपर्यंतच घेणार होता. खऱ्या चिपवर चाचणी झाली, मेल गेला, की जगभरच्या यंत्रांत रेश्माचं काम!

सातला भोंगा झोकात वाजला. सासरे हिंदुराव निवृत्त सुभेदार. त्यांनी टीव्ही बंद केला, राउटर बंद केला, रेश्माचा लॅपटॉप कपाटात घातला आणि किल्ली खिशात टाकली.

साडेआठ झाले. भोंगा गप्प. पावणेनऊ. गप्प!

रेश्माला चूक उमगली. गजर झाला की 'ऐकला बाबा' अशी पोच चिपला द्यावी लागते. ती ओळच राहिली होती! पोच मिळेना म्हणून चिप मानपान न झालेल्या व्याह्यासारखी रुसून बसली होती.

"मामा, लॅपटॉप द्या. भोंगा दुरुस्त करायचाय."

"भोंगा वाजू दे, लगीच देतो."

"आवं, वाजंना म्हणून तर मागतीय!"

"ऑर्डर म्हंजी ऑर्डर!"

"घड्याळ तरी बघा की!"

"कुठलं? तूच काढाय लावलंस न्हवं?"

तेवढ्यात शेजारचे नानासो दारात. "सूनबाई, आमचा वीरधवल पुढच्या इयत्तेत पोचला गं! तिकडं मॅच संपाय आली, आन् हिकडं आमी पाढं ऐकतोय!"

रेश्मानं साक्षीला काखोटीला मारलं, शाळा गाठली आणि भोंग्याचं बटण हातानंच दाबलं. अख्ख्या गावानं शिट्ट्या मारल्या! घराघरांतून टीव्ही बोंबलू लागले. ती घरी परतताच हिंदुरावांनी राउटर चालू केला आणि कडक सॅल्यूट ठोकून लॅपटॉप हातात दिला.

राहिलेली ओळ तिनं घातली, सुधारलेला ड्रायव्हर घरूनच इंटरनेटवरून शाळेतल्या कॉम्प्युटरवर चढवला आणि मेल लिहायला घेतला. 'खऱ्या चिपवर चाचणी...' एवढं लिहून झालं आणि तिकडं चिपला पोच मिळाली. अडकून पडलेला साडेआठचा गजर मोकळा झाला, आणि भोंगा असा खणखणीत वाजला की साक्षीनं टाळ्या पिटल्या!

"वाजला! मामा, वाजला!" रेश्मा नाचायचीच बाकी राहिली.

"व्हय, लय झ्याक वाजला," म्हणत हिंदुरावांनी राउटर बंद केला आणि तिच्या बोटांवरून अलगद लॅपटॉप मिटला. बाहेर एकेक टीव्ही गप्प होत गेला. "आता फुडचा वाजला की देतो, पोरी."

मेल अर्धाच राहिला, शाळेला एव्हाना कुलूप लागलेलं आणि पुढचा भोंगा थेट उद्या सातला होता. आणि आता तो चुकायची काही सोयच उरली नव्हती!