आप्पांच्या बंदुकीचं साल

भर समुद्रात एखाद्या जहाजाचं इंजिन बंद पडलं, की विलास सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या ऑफिसात बसून ते फोनवरून खोलायला लावायचा आणि पुन्हा जोडायलाही लावायचा. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू फोनवरून खोलता येते, असा त्याचा पक्का समज झाला होता. कऱ्हाडच्या सासऱ्यांनी, म्हणजे प्रतापराव आप्पांनी, नेमकं त्यालाच खतपाणी घातलं.

"जावईबापू, एवढी मोठाली जहाजं तुम्ही तिथनं दुरुस्त करता. आपली बंदूक कोणत्या सालची, तेवढं तिच्यावरच्या ठशावरून सांगा की. खंडेनवमीला पूजेला गाव येतंय. फोनवरनं तुम्हीच सगळ्यांना सांगायचं."

बंदूक म्हणजे शिकारीची जर्मन रायफल. आप्पांच्या आजोबांनी एका गोळीत बिबट्या लोळवला, म्हणून संस्थानिकांनी ती एकोणीसशे सव्वीस साली बक्षीस दिली, असं घरात सांगत. विलासनं आठवडाभर जर्मन ठशांचा अभ्यास केला. मुकुट असला की बंदूक जुनी, गरुड असला की बरीच नंतरची, एवढं त्याला नीट कळलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्याचा आवाज इंजिनरूममध्ये चढावा तसा चढला. "आप्पा, नळीच्या बुडाशी बघा. मुकुट दिसतोय का?"

"कुंकू दिसतंय."

वर्षानुवर्षांच्या पूजेचं हळदकुंकू तेलात मुरून ठशाच्या जागेवर घट्ट बसलं होतं. आप्पांनी ते चिंचेनं घासलं. कुंकू निघालं, त्याबरोबर लोखंडाचा काळा रंगही निघाला; ठसा मात्र दिसला नाही.

"अहो, खिडकी लावा आधी!" त्याची बायको रत्ना स्वयंपाकघरातून ओरडली. "इथे बंदूक शब्द कानावर पडला तरी शेजारचे पोलिसांना फोन करतील."

विलासनं खिडकी लावली. "आप्पा, ठसा बहुतेक लाकडाखाली आहे. खालचे दोन स्क्रू काढा."

लाकूड उतरलं. एक स्क्रू घरंगळत देव्हाऱ्याखाली गेला. तो शोधायला आप्पा वाकले आणि त्यांचा धक्का लागून उरलेली बंदूकही सुटी झाली.

"सापडला!" आप्पा म्हणाले.

"स्क्रू?"

"ठसा. गरुड आहे, जावईबापू! साक्षात विष्णूचं वाहन!"

विलासला गरुडाचा अर्थ माहीत होता. "शेजारी अक्षरं असतील बघा."

"एच आणि बी."

त्या पद्धतीत अक्षरं म्हणजे सालाचे शेवटचे दोन आकडे; ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक. विलासनं बोटं मोजली. एच म्हणजे सात. एकोणीसशे एकाहत्तर! बिबट्या मारणारे आजोबा त्याच्या कितीतरी आधी वारले होते.

"आप्पांची गावासमोर शोभा झाली, तर पुढच्या दिवाळीला तुम्ही एकटेच इथे राहा," रत्नानं हळू आवाजात बजावलं.

तोवर कऱ्हाडला माणसं जमलीच. स्क्रू सापडला नव्हता. सासूबाईंनी प्रसंगावधान राखून बंदुकीचे तुकडे पाटावर ओळीनं मांडले आणि त्यांवर झेंडूच्या माळा अशा टाकल्या, की खाली बंदूक आहे की बत्ता, कुणाला कळलं नसतं. आरती झाली. आप्पांनी फोन उंच धरला.

"आमचे थोरले जावई. सिंगापूरला असतात. सांगा विलासराव, कोणतं साल?"

सगळा गाव फोनकडे बघत होता. विलासनं रत्नाकडे पाहिलं. ज्या माणसानं कधी नटबोल्टचं मापही खोटं सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "एकोणीसशे सव्वीस. जर्मनीचा अस्सल ठसा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विलासला मात्र मनापासून लाज वाटत होती. तासाभरानं आप्पांचा फोन आला.

"जावईबापू, खरं साल एकाहत्तर, होय ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तर आणली. आजोबांची बंदूक वडिलांनी कधीच सरकारजमा केली होती."

"मग मला कशाला विचारलंत?"

"गेल्या वर्षी आपल्या धाकट्या क्षिप्राच्या नवऱ्याला घरात सहज विचारलं, तर त्यानं लाकूड उतरवून ठसा वाचला आणि तोंडावर एकाहत्तर सांगितलं. असल्या माणसाला गावासमोर कसं बसवायचं? तुम्ही मात्र घराण्याला शोभलात. आता आणखी एक काम. माळ्यावर आपली शिवकालीन तलवार आहे. तिच्या मुठीवर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. तेवढं सवडीनं बघून सांगाल का?"