रोवळीची बदली

तात्यांच्या स्वयंपाकघरातली तांदूळ धुवायची रोवळी मी खिळ्यावरून काढली आणि तिच्यात कोंबडी बसवली. वर शाबासकी मिळेल अशी खात्रीही होती.

खात्रीला कारण होतं. आमचे शेजारी तात्या सरकारी नोकरीत जन्मभर बदल्या सोसून आचऱ्याला परतलेले. त्यांच्या घरात कचऱ्याचा डबा नाही. "मोडला म्हणजे संपला नाय रे, बदली झाली." गळक्या घागरीची बदली अबोलीच्या रोपाखाली, फाटक्या जाळ्याची पडवळाच्या मांडवावर. करवंटीची डवली, म्हणजे पळी, झिजली की चुलीत जाते, आणि राखेलाही निवृत्ती नाही. ती भांडी घासते.

मध्यंतरी बाहेरच्या मंडळींनी गावात निसर्गस्नेही जगण्याचं शिबिर घेतलं. तात्या अर्ध्यातून उठून आले. "ह्या सगळा माझ्या आवशीन कान पिळून शिकवलेला. हेंनी वर चाय दिली, इतकोच फरक." माझी छाती उगाच फुगली. कान आमचेही आईने पिळलेले होते.

तर तात्या दोन दिवस देवबागला बहिणीकडे गेले, चावी माझ्याकडे. नेमकी त्यांची कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला जागा शोधू लागली. रोवळीचा तळ किड्यांनी इतका पोखरलेला, की तांदूळ धुतले तर तांदूळच वाहून जातील. मी तिच्यात गवत घातलं, नऊ अंडी मांडली.

तात्या आले, वाकून बघितलं आणि उंबऱ्यावरच बसले.

"ही खंय गावली तुका?"

"खिळ्यावर. बदली केली, तात्या."

त्यांनी रोवळीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझ्या काकीची ती. गेली तेच्या आदल्या दिसा तांदूळ धुवन अडकवल्यान. सगळ्याची बदली केलंय, हिची करूक हात गेलो नाय."

तात्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, जाऊन सात वर्षं झाली होती. मी घाईने कोंबडीकडे हात नेला. तात्यांनी मनगट धरलं.

"अंड्यार बसलेल्या कोंबडेक उठवूचा नाय. बसांदे."

पिल्लं निघेपर्यंत ते रोज सकाळी रोवळीसमोर पाट टाकून चहा प्यायले. नवातली आठ निघाली. तात्यांनी रोवळी धुतली, उन्हात वाळवली, पण खिळ्यावर अडकवली नाही. "ऱ्हवांदे भायर. पुढच्या खेपेक लागात."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. बायको तांदूळ धूत होती. वर न बघता म्हणाली, "आपली रोवळी खंयच्या खिळ्यार असता, ता तरी तुमका माहीत आसा?"