मार्च की एप्रिल?

चष्मेवाल्याच्या मोबाइलवर ते आमंत्रण आलं तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावत होता. आमंत्रण ऑनलाइन बुद्धिबळाचं होतं, आणि दादाचं होतं. ०९/१०, संध्याकाळी सात. त्या चौकटीत तारीख आणि वेळ एवढंच मावायचं. बोलायची सोय डाव सुरू झाल्यावर.

दादाला परदेशी जाऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि दोघा भावांचं बोलणं बंद होऊन दोन. वडील गेल्यावर दादा आला, त्यांचा बुद्धिबळाचा डबा उघडला, तर पांढरा घोडा एकच. "तुला एवढंही सांभाळता आलं नाही?" दादा म्हणाला. "मी बाबांना सांभाळत होतो," चष्मेवाला म्हणाला. झालं. त्यानंतर ना याचा फोन, ना त्याचा. रोज दुकानाचं शटर ओढताना चष्मेवाल्याला दादाची आठवण यायची, आणि मोठा तो आहे, त्यानं करावा फोन, असं स्वतःला बजावून तो घरी जायचा.

ऑगस्ट संपत आला होता. त्यानं कॅलेंडरवर नऊ ऑक्टोबरला गोल केला.

"एका डावासाठी दीड महिना?" बायको म्हणाली.

"बिझी माणूस आहे तो. सवड काढावी लागते."

नऊ ऑक्टोबरला त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

"अहो, तो काय तुम्हाला बघणार आहे?"

"असू दे गं."

नऊ वाजेपर्यंत तो मांडलेल्या पटासमोर बसला. पलीकडे कोणी आलं नाही. आठ दिवस घुश्शात काढल्यावर राहवेना, म्हणून त्यानं स्वतःच आमंत्रण धाडलं : ०५/११. मधल्या काळात दुकानात त्याचं लक्षच नव्हतं. एका न्हाव्याला त्यानं भलत्याच नंबरचा चष्मा दिला आणि त्या आठवड्यात गल्लीतले तीन जण टोपी घालून फिरताना दिसले.

पाच नोव्हेंबरलाही दादा आला नाही. दुसऱ्या दिवशी उलट त्याचंच आमंत्रण आलं : ११/१२.

"काल आला नाही, आणि आता एकदम अकरा डिसेंबर! मी काय त्याच्या दारात रांग लावून उभा आहे?" असं म्हणत त्यानं अकरा डिसेंबरला गोल केला.

अकरा डिसेंबरला साडेनऊ झाले. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली. तो उठला नाही. शेवटी त्यानं चौकटीत १२/१२ टाकलं.

"उद्या. उद्या नाही आला तर हा गेमच काढून टाकतो. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी त्यानं दहा मिनिटं आधीच गेम उघडला. दादा येऊन बसलेला होता.

"आलास का बारक्या," पटाखाली अक्षरं उमटली.

"मी दरवेळी येतो. तूच येत नाहीस," चष्मेवाल्यानं लिहिलं.

"मी? दहा सप्टेंबरला रजा टाकून बसलो. बारा नोव्हेंबरला बसलो. आणि तू मला बोलावलंस ते थेट पुढच्या मे महिन्यात!"

चष्मेवाल्यानं कॅलेंडरकडे पाहिलं. ०५/११. दादा राहतो तिकडे महिना आधी लिहितात आणि दिवस मागून. दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणाऱ्या माणसाला चार आकडे धड वाचता आले नव्हते. आज बारा बारा होती, म्हणून दोघं एकदाचे एका दिवशी पोचले.

"घोडा सापडला," दादानं लिहिलं. "माझ्याच जुन्या कोटाच्या अस्तरात. पहिल्यांदा निघालो तेव्हाचा कोट. बाबांनीच खिशात घातला असणार. ऑगस्टपासून सांगायचं होतं. फोन करायची हिंमत झाली नाही."

चष्मेवाल्याला स्क्रीन धूसर दिसू लागली. त्याचा नंबर काही वाढलेला नव्हता.

"खेळ तू," एवढंच त्यानं लिहिलं. डाव कोण जिंकलं ते त्याला आज आठवत नाही. शेवटी दादानं लिहिलं, "घोडा घेऊन येतो. तिकीट काढलं की तारीख कळवतो."

तीन दिवसांनी चौकटीत आकडे आले : ०३/०४.

"आता हे काय, मार्च की एप्रिल?" बायकोनं विचारलं.

"एवढा घोळ झाला तरी या माणसाला अक्कल आली नाही."

"मग फोन करून विचारा की."

नंबर त्याला पाठ होता. दोन वर्षांत रोज मनात फिरवलेला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडे फोन उचलला गेला.

"दादा, मार्च की एप्रिल?"



"मुद्दाम तसं लिहिलं रे," दादा म्हणाला. "नाहीतर तू फोन केला नसतास."

मग बाबांचं निघालं, घराचं निघालं, न्हाव्याच्या चष्म्याचं निघालं, आणि दादा खोकला येईपर्यंत हसला. तासाभरानं चष्मेवाल्यानं फोन ठेवला तेव्हा त्याचा कान लालबुंद झाला होता.

"मग? कधी येतायत भावजी?" बायकोनं कॅलेंडर आणि पेन पुढे केलं.

चष्मेवाल्यानं पेन उघडलं आणि तसंच बंद केलं.

"ते विचारायचं राहिलंच," तो म्हणाला, आणि त्यानं आनंदानं पुन्हा फोन उचलला.