खलीलचाचांच्या बगलेतली सीट

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. त्यामुळे लिहायला बसलो की आगाऊपणा करतोय असं वाटतं. माफ करावं. पण लातूरच्या खलीलचाचांबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

पहिल्यांदा त्यांना नीट पाहिलं ते एका लग्नात. बगलेत सायकलची सीट घेऊन ते जेवायला बसले होते. वाढप्यानं विचारलं, "चाचा, सीटला बी पत्रावळ मांडू का?"

"तिला नक्को," चाचा शांतपणे म्हणाले. "ती नुसती सोबत आली."

क्लासेसच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मी बारावीसाठी लोह्याहून आलो आणि त्यामागच्या खोलीत राहिलो. एक क्लास सुटला की शेकडो सायकली निघायच्या, आणि रोज एखाद्याची गायब असायची. चाचांचा उपाय एकच. चाकाचा वाल काढायचा, खिशात टाकायचा. "कुलूप तोडता येतं बेटा. हवा कुठून आणंल चोर?"

एकदा माझा वाल धुण्यातल्या शर्टाबरोबर बादलीत गेला. परीक्षेला मी सायकल ढकलत पोचलो. चाचा भलतेच खूश. "बघ, तुला सोताला नेता आली न्हाई, मग चोराला काय येणार?"

त्यांच्या दुकानात एक काळी सायकल छताला टांगलेली होती. टायर खराब होऊ नयेत म्हणून. तिला बैलाची साखळी, दोन कुलपं, वर गाईच्या गळ्यातली घंटा. दर शुक्रवारी नमाजाहून आले की तेलपाणी. सीट मात्र चाचांबरोबर हिंडायची. मशिदीत, बाजारात, दवाखान्यात. चाचा स्वतः सगळीकडे पायी.

"चाचा, चालवणार कधी?"

"धनी आल्यावर."

तेव्हा कळलं, ती सायकल त्यांची नव्हतीच. मी यायच्या कितीतरी वर्षं आधी औशाकडच्या एका खेड्यातला सुधाकर क्लासला यायचा. वाकड्या चाकाचा आऊट काढायला सायकल चाचांकडे टाकून तो गणपती विसर्जनासाठी गावी गेला. जाताना म्हणाला, "सांभाळा हां चाचा, लई चोऱ्या होऊन राहिल्या." चाचा म्हणाले, "हौ बेटा."

दोन दिवसांनी भूकंप झाला. सुधाकरचं गाव राहिलं नाही.

चाचा भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधून त्याचं नाव घेत हिंडले. कुणी म्हणालं, गेला. कुणी म्हणालं, मामानं नेला. परत आल्यावर शेजारचा दुकानदार म्हणाला, "आता विकून टाका." त्याच्याशी चाचा पुन्हा बोलले नाहीत.

मला एवढंच म्हणाले, "विकली म्हंजे तो मेला असं मीच ठरवल्यासारखं न्हाई का रे?"

पुढे मी नांदेडला इंजिनिअरिंगला आलो. औशाकडचा माणूस भेटला की सुधाकरबद्दल विचारायची मला सवयच लागली होती. मित्र हसायचे. शिष्यवृत्तीचा फॉर्म द्यायला गेलो, तर खिडकीतल्या कारकुनाचं बोलणं तिकडचं वाटलं. मी चाचरत विचारलं. त्यांचा शिक्का हातातच राहिला.

"मीच तो," ते म्हणाले. आई आणि बहीण गेल्या. मामानं त्यांना नांदेडला आणलं. त्यानंतर ते लातूरला कधी गेलेच नव्हते. "सायकल कवाच गेली असंल की."

मी त्यांना सीटबद्दल सांगितलं. ते बराच वेळ खाली मान घालून फॉर्मकडे बघत बसले. मागच्या रांगेतलं कुणीही ओरडलं नाही.

त्या रविवारी पहिल्या एसटीनं मी लातूर गाठलं. चाचा दुकानासमोरच्या बाकावर बसले होते, सीट मांडीवर.

"चाचा, सुधाकर हाय. नांदेडला नोकरीला हाय. पुढच्या रविवारी सायकल न्यायला येतो म्हणाला."

 चाचा उठले, कुडत्याच्या खिशातून दोन वाल काढले आणि पंप शोधायला आत गेले. सीट बाकावरच राहिली, भर गल्लीत. तेवढ्यात क्लास सुटला.

ते बाहेर येईपर्यंत ती मी राखली.