डावं दार

बाबूअण्णा माणसांशी मराठीत बोलतात आणि वायरींशी कन्नडमध्ये. डॅशबोर्डखाली डोकं घालून "बा, बा, हेदरबेडा," म्हणजे ये, ये, भिऊ नको, असं पुटपुटत ते एकेक वायर बाहेर ओढतात. मराठीत बोललं की वायर बिचकते, असं त्यांचं ठाम मत आहे.

निपाणीत ते आमच्या समोरच राहतात. तंबाखूच्या वखारीतली नोकरी संपल्यावर त्यांनी गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांच्या बेल दुरुस्त केल्या. आमची बेल दाबली की आता शेजाऱ्यांकडं वाजते, पण वाजते झकास.

या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या जुन्या गाडीसाठी रिमोट स्टार्टर मागवला. लांबून बटण दाबलं की गाडी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. खोकं आलं त्या दिवशी मला हाताला धरून ओढतच नेलं.

"सर, खरं काम इंजनाचं न्हाय, दाराचं हाय! ह्यो स्टार्टर लॉकला जोडायचा. गाडी चालू झाली की लॉक आपोआप उघडलं पायजे. आणि डावं पायजे. पुढचं डावं!"

बेळगावच्या वायरिंगवाल्यानं फोनवर समजावलं, "अण्णा, आधी ड्रायव्हरचं दार उघडतं. पद्धतच तशी हाय."

"डायव्हरला हात न्हाईत व्हय? घालंल की किल्ली!" अण्णा भडकले. "मला डावंच पायजे." आणि फोन ठेवून स्वतःच पक्कड घेऊन आत शिरले.

पहिल्या चाचणीला मी हजर होतो. अण्णांनी दार धाडकन लावलं, दोन पावलं मागं यायला निघाले आणि त्याच उत्साहात बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं. उघडायची आणि बंद करायची वायर अदलाबदल झाली होती, त्यामुळं चारही दारं खटाखट लॉक झाली. तेव्हा कळलं, अण्णांच्या लुंगीचा सोगा दारात अडकलाय. लुंगी सोडावी तर अख्खी गल्ली बघतेय. घरातून किल्ली आणायला मी पळालो, तर मागनं आनंदानं फुटलेला आवाज आला, "लॉक ऐकतंय, सर! उलटं ऐकतंय, पण ऐकतंय!"

दुसऱ्या दिवशी वायरी सुलट झाल्या. संध्याकाळी त्यांनी गल्लीला हाळी दिली आणि शांताक्कांना चाकाच्या खुर्चीतून कट्ट्यावर आणलं.

शांताक्का म्हणजे अण्णांची बायको. मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं गेलं, पाय गेले, डाव्या हाताची बोटं तेवढी राहिली. त्याआधी आक्कांचा आवाज चौकापर्यंत जायचा. "अवो, गाडी काढा!" म्हटलं की अण्णा हातातली भाकरी टाकून उठायचे. मग बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला, नाहीतर बोरगावला माहेरी. गाडीत त्या डावीकडं बसायच्या आणि रस्ताभर अण्णांच्या चुका काढायच्या. आजारात मात्र साधा रुसवासुद्धा नव्हता. द्याल ते खायच्या, बसवाल तिथं बसायच्या. डॉक्टर त्याला चांगलं म्हणायचे. अण्णांना ते बघवायचं नाही.

अण्णांनी रिमोट त्यांच्या डाव्या हातात ठेवला. "दाब गं."

अंगठा बटणावर टेकला. गाडी सुरू झाली, दिवे लुकलुकले, डाव्या दाराचं लॉक खट्टकन वर आलं. गल्लीनं टाळ्या पिटल्या. अण्णांना चेव चढला. कुठली वायर कुठं गेली, कुठल्या रिलेनं काय केलं, हातवारे करून सांगू लागले.

एवढ्यात गाडी बंद पडली.

"ढिलं हाय कुठंतरी," म्हणून अण्णा बॉनेटकडं धावले, तर गाडी आपोआप सुरू. त्यांनी पुन्हा रिलेचं पुराण लावलं. पुन्हा बंद.

मी कट्ट्याकडं बघितलं. शांताक्कांचा अंगठा बटणावर होता. कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले. हनुवटीनं त्या गाडीकडं दाखवत होत्या. एकदा, मग पुन्हा जोरात. भाषण पुरे, न्या मला.

अण्णांनीही बघितलं.

"सर, बघितलासा? रागावली!" ते ओरडले. "माझ्यावर रागावली ओ!"

काळ्या झालेल्या हातानंच डोळे पुसत, चपला शोधायच्याही भानगडीत न पडता, ते आक्कांची खुर्ची उतरवायला कट्ट्यावर चढले.