धसईच्या पॅकहाऊसात शिरलेली अळी

"आपल्या पॅकहाऊसात माशी शिरलीच, तर ती मला विचारून शिरेल!" असं सावळाराम धसईच्या बाजारात उभा राहून ज्याला त्याला सांगायचा. आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

धसईच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी गट करून भेंडी परदेशी पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून सावळाराम त्या गटाचा अध्यक्ष. भेंडी निवडून भरायच्या पॅकहाऊसला त्यानं दुहेरी जाळीचं दार लावलं होतं. आत येणाऱ्यानं आधी हात धुवायचे, मग पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग डोक्यावर कागदी टोपी घालायची. एकदा टोप्या संपल्या होत्या, तर त्यानं खुद्द सासऱ्यांना दाराबाहेर उन्हात उभं ठेवलं. सासरे चहा न घेता निघून गेले. बायको कमळ पुढचे कितीतरी दिवस फक्त भांड्यांशी बोलत होती.

पण सावळारामचा खरा जीव होता तो कॉम्प्युटरवर. भेंडी ठेवायच्या कोल्ड रूमचं सगळं काम त्याच्यावर चाले. किती थंड ठेवायचं ते पडद्यावर आकडा टाकून ठरवायचं, की आत तसा थंडावा! किन्हवलीला गटाचं दुसरं केंद्र होतं, तिथली कोल्ड रूमही इंटरनेटनं ह्याच कॉम्प्युटरला जोडलेली. धसईत खुर्चीवर बसून किन्हवलीत हिवाळा आणता यायचा! कोणी पाहुणा आला की सावळाराम तो आणूनच दाखवी. मग तिथला मॅनेजर ओमकार फोनवर ओरडायचा, "अध्यक्ष, आज परत पाहुणे काय? इथं बाया साडीवर गोधडी घेऊन बसल्यात!"

हा कॉम्प्युटर रोज सकाळी कोपऱ्यात एक चौकोन दाखवून विचारायचा, अपडेट करू का? सावळाराम रोज 'नंतर' दाबायचा. ऑपरेटर रंजिता म्हणायची, "काका, एकदा करून टाकू या ना." त्यावर ह्याचं उत्तर ठरलेलं, "चालत्या इंजिनाला हात नाय लावायचा, रंजिता!"

त्या आठवड्यात भेंडी तपासायला निर्यात कंपनीच्या मॅडम येणार होत्या. दारातच मोठा टीव्ही होता. त्यावर भेंडीच्या फोटोंबरोबर अध्यक्षांचाही एक फोटो झळकावा, असं सावळारामच्या मनानं घेतलं. पुतण्याच्या लग्नात फेटा बांधून काढलेला एक झकास फोटो होता. तो पेनड्राइव्ह फोटोग्राफरकडून झेरॉक्सवाल्याकडे, तिथून नवरीच्या घरी, मग डीजेवाल्याकडे, असा सगळ्या वऱ्हाडात फिरून शेवटी सावळारामच्या हाती आला होता.

"काका, बाहेरचा पेनड्राइव्ह नको लावू या," रंजिता म्हणाली.

"सॅनिटायझर लावून आणलाय गो! मी काय येडा हाय?"

आणि त्यानं तो खुपसला.

पडद्यावर 'लग्न' नावाचा फोल्डर दिसला. सावळारामनं टिचकी मारली. काही उघडेना. परत मारली. परत काही नाही. मग रागानं त्यानं इतक्या टिचक्या मारल्या, की कीबोर्डशेजारचा चहाचा कप थरथरायला लागला. फेटा काही दिसला नाही.

"फोटोग्राफरनं फसवलं," असं म्हणून त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि तो चहा प्यायला बाहेर गेला.

चहा अर्धा झाला नसेल, तोच ओमकारचा फोन.

"अध्यक्ष, आमचा कॉम्प्युटर रडतखडत चाललाय. अन् सगळ्या फाइली 'लग्न' झाल्यात!"

"कोणाचं लग्न?"

"फाइलींचं! जी उघडावी ती 'लग्न'!"

तेवढ्यात आत स्टिकर छापायच्या मशीननं खाड खाड सुरू केलं. क्रेटवर चिकटवायचे स्टिकर एकामागून एक बाहेर पडायला लागले, कोरे, लांबच लांब. रंजिता ते गोळा करता करता गुंडाळली गेली. मुरबाडच्या बाजारातल्या गटाच्या दुकानातून फोन आला, तिथला ह्याच कॉम्प्युटरला जोडलेला काटा म्हणे दर भेंडीचं वजन एक गोणी दाखवत होता.

सावळाराम चहाचा कप हातात धरून उभाच राहिला. धसईहून किन्हवलीला जायचं तर एसटीची वाट बघायची, मुरबाडला उतरायचं, दुसरी गाडी धरायची, तिच्यात उभं राहायचं. आणि हे जे काय होतं, ते अर्ध्या चहात किन्हवली करून मुरबाडलाही जाऊन बसलं होतं! ना तिकीट, ना धक्काबुक्की!

त्यानं भाचीला फोन लावला. बहिणीची मुलगी मनाली, कल्याणला राहायची आणि कंपन्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून सांभाळायचं काम करायची. पॅकहाऊसमध्ये रेंज नव्हती, म्हणून तो अंगणात गेला. अंगणात बाया भेंडी निवडत बसल्या होत्या.

"मामा, तुमच्या सिस्टीमला वर्म लागलाय," मनाली म्हणाली.

"काय लागलंय? मोठ्यानं बोल!"

"वर्म! किडा! अळी म्हणा!"

"अळी?" सावळाराम ओरडला. "आपल्यात? अळी लागली?"

अंगणातल्या बायांचे हात थांबले.

"हो. एका मशीनमधून दुसऱ्यात स्वतःच जाते. तुम्ही एकदा दार उघडून दिलंत, आता तिला कोणाची गरज नाही. शेजारी एखादं जुनं, अपडेट न केलेलं मशीन दिसलं की तिथं घुसते, तिथं स्वतःसारखीच दुसरी अळी सोडते, ती पुढे जाते."

"म्हणजे धसई, किन्हवली, मुरबाड... सगळीकडं अळी पसरली?"

भेंडी निवडणारी बारकी हळूच उठली आणि फाटकाबाहेर पडली. भेंडीवाल्याच्या अंगणात अळीचं नाव म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. एका भेंडीत अळी सापडली तर अख्खी गाडी माघारी येते. बारकीनं ते फवारणी करणाऱ्या धाकलूला सांगितलं, धाकलूनं चौकात सांगितलं, आणि चौकातून ते कुठं कुठं गेलं ते कोणालाच सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की वर्म जेवढ्या वेगानं गेला त्याच्यापेक्षा ही बातमी तसूभरही मागे नव्हती.

इकडे मनाली सांगत होती, "आणि मामा, खरी भीती पुढंच आहे. ही अळी आत शिरली की मागचं दार उघडून ठेवते. त्या दारातून तिचा मालक आत येतो. कुठूनही. तुम्ही आधी सगळ्या मशीनच्या नेटच्या वायरी काढा. मी निघते."

सावळाराम आत धावला. आणि दारातच थबकला.

पडद्यावरचा बाण चालत होता.

माउसला कोणाचा हात नव्हता. रंजिता स्टिकरांच्या ढिगात उभी होती. बाण मात्र शांतपणे, घाई न करता, एकेक फाइल उघडत होता, बघत होता, मिटत होता. एखाद्या मोठ्या घरचा पाहुणा ओटीवरचे फोटो बघत फिरावा तसा. पडद्याच्या वरच्या टोकाला कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला होता.

"काका," रंजिता पुटपुटली, "तो आपल्याला बघतोय."

समुद्रापलीकडचा कुणी माणूस, त्याचं नाव नाही, गाव नाही, आणि तो आत्ता धसईत आला होता! हात न धुता, टोपी न घालता! सावळारामनं नकळत स्वतःची टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार केला.

"कोण आपण?"

बाण कोल्ड रूमच्या पानावर गेला. तापमानाच्या आकड्यावर थांबला. आणि आकडा वर चढायला लागला.

"अरे! अरे! भेंडी गरमीनं सडंल!" सावळारामनं माउसवर झडप घातली. त्यानं आकडा खाली ओढला. पलीकडच्यानं वर ओढला. ह्यानं खाली, त्यानं वर! सावळाराम खुर्चीवर गुडघे टेकून, दात आवळून, दोन्ही हातांनी माउस दाबत होता. पलीकडचा बहुतेक एका बोटानं खेळत असावा.

"वायर काढा काका! वायर!" रंजिता स्टिकरांमध्ये पाय अडकून पडता पडता ओरडली.

सावळारामनं मागे हात घालून एक वायर उपटली. पडदा काळा झाला.

"मेला!" तो आनंदानं ओरडला. "मारला त्याला!"

"काका, ती पडद्याची वायर हाय! कॉम्प्युटर चालूच हाय!"

खरंच, कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा अजून चढतच होता. आता तर चोर काय करतोय ते दिसतही नव्हतं! मग सावळारामनं पुढचा मागचा विचार केला नाही. टेबलाखाली शिरून हाताला लागेल ती प्रत्येक वायर उपटली. पंखा बंद पडला. स्टिकरचं मशीन गप्प झालं. दारातला टीव्ही गेला. पाण्याचा पंप गेला. शेवटी नेटची वायर हाती आली, तेव्हा सगळ्या पॅकहाऊसमध्ये फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

कोल्ड रूमला हाताचं बटण होतं. रंजितानं ते दाबलं. आकडा हळूहळू उतरायला लागला. मग तिनं खिडकीत रेंज शोधत ओमकारला फोन लावला आणि किन्हवलीतही तेच करायला लावलं. सावळाराम टेबलाखालीच बसून राहिला. त्याला बाहेर यायचं धाडस होईना.

तो बाहेर आला तेव्हा अंगणात कंपनीच्या मॅडम उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे अर्धी धसई. धाकलू तर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला होता.

"अध्यक्ष," मॅडम म्हणाल्या, "मुरबाडपासून ऐकत येतेय. तुमच्याकडे अळी पसरली आहे?"

"हो मॅडम," सावळाराम धापा टाकत म्हणाला. "पण मागचं दार बंद केलं मी."

"कुठं कुठं लागली आहे?"

"सगळीकडं. किन्हवलीला पण. अर्ध्या चहात!"

मॅडमचा चेहरा उतरला. रंजितानं मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला, पण धाकलू पंपाचा दांडा मारत पॅकहाऊसच्या दारात शिरला होता आणि त्या आवाजात तिचं कोणी ऐकेना. सावळारामनं त्याच्या पंपाचा पट्टा धरून त्याला कसाबसा दाराबाहेर ओढला. "औषध मारलंस तर माल जाईल रे! ही अळी त्या औषधानं नाय मरत!"

हे ऐकून तर मॅडमनी क्रेटच उघडायला लावले. एक भेंडी कापली, दुसरी कापली. मग बसल्याच कापायला. गाव माना उंचावून बघत होतं. कमळ आली होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता. ह्या भेंडीवर किती घरं होती! मुलांच्या फिया, दवाखाने, पुढचं बियाणं. सावळारामला पहिल्यांदाच उमगलं, की त्याच्या एका टिचकीपाशी काय काय येऊन थांबलं होतं.

मॅडमनी सुरी खाली ठेवली.

"एक अळी नाही. इतका स्वच्छ माल मी ह्या हंगामात बघितला नाही. मग हा गोंधळ कसला?"

तेव्हा कुठं रंजिताला बोलायला मिळालं. ऐकता ऐकता मॅडम हसायला लागल्या, मग रागावल्या, मग परत हसल्या. गाडी भरली. भेंडी गेली.

मनाली आली ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. एकेक मशीन तिनं कोरं करून परत उभं केलं, सगळे पासवर्ड बदलले, अपडेट टाकले. सावळाराम तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसला होता. ती सांगत होती, तो ऐकत होता. एका फोल्डरमधून निघून एवढीशी अळी सगळ्या जगात फिरते, दवाखान्यांत शिरते, बंदरांत शिरते, कोणाला दिसत नाही, झोपत नाही! त्याला सिद्धगडाच्या जंगलात आभाळ भरून आल्यावर वाटायचं तसं काहीतरी वाटत होतं. भीती होती, पण नजर हटत नव्हती.

"मनाली," त्यानं शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "एवढ्या मोठ्या माणसानं धसईच का निवडली असंल? आपली भेंडी पुढं जातेय, ते कोणाला तरी खुपलं असणार." चौकात त्यानं हे कालच सांगून ठेवलं होतं. लोकांनी मानाही डोलावल्या होत्या.

"नाही मामा. त्यानं काही निवडलं नाही. अळी दारं ढकलत फिरते. तुमचं उघडं होतं."

"पण माझं नाव तरी कळलं असंल त्याला?"

"नाही."

"मी नमस्कार केला तो?"

"बघितला असेल. ओळखलं नसेल."

सावळारामनं कोल्ड रूमच्या दाराकडे बोट केलं.

"पण आपली भेंडी तरी..."

"मामा, त्यानं तो आकडा नुसता हलवून बघितला. आत काय ठेवलंय, ते त्याला माहीतच नसणार."

हे मात्र सावळारामच्या फार जिव्हारी लागलं. तो स्टुलावरून उठला, बाहेर अंगणात गेला आणि निवडणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एवढ्या लांबून आला, घरभर फिरला, अन् भेंडीकडं ढुंकून बघितलं नाय! अडाणी कुठला!"